वाफसा नसेल तर उड्डाण नाही

एसटीत असाल, वावरात असाल, नाहीतर अभ्यासिकेत बसून चोरून ऐकत असाल, इअरफोन नीट लावा. मी हट्ट्यातून बोलतोय. तालुका वसमत, जिल्हा हिंगोली.

आजचा विषय आहे ऋतू आणि लहान विमानं. कुणी म्हणेल, आपल्या गावात विमानतळ कुठंय? नाही. पण पायलट व्हायचंय म्हणणारी लेकरं आता खेड्यातही आहेत. बारामती, गोंदिया, शिरपूर इथं शिकायची सोय आहे. कमर्शियल परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागतं आणि त्यातले बहुतेक तास दोन-चार सीटच्या छोट्या विमानात होतात. म्हणजे अनुभव सगळ्यात कमी असतो, तेव्हाच हाताखालचं विमानही हलकं आणि कमी ताकदीचं असतं. त्याला ऋतूचा फटका मोठ्या विमानापेक्षा लवकर बसतो.

सुरुवात उन्हाळ्यापासून करू. हवा तापली की विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाला दमही कमी मिळतो. हिशोब सोपा आहे. आपला भाग समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटर उंच धरा. तेवढ्या उंचीवर प्रमाण तापमान १२-१३ अंश मानतात. मे महिन्यात पारा ४२ वर गेला, म्हणजे ३० अंश जास्त. एका अंशाला साधारण १२० फूट वाढवायचे. गणित केलं तर विमानाला वाटतं, आपण १५०० मीटरवर आहोत. महाबळेश्वरापेक्षाही उंच! म्हणून त्याला धावपट्टी जास्त लागते आणि ते चढतं हळू. उपाय काय? पहाटे उडा, वजन कमी ठेवा, आणि उडायच्या आधी हे गणित रोज कागदावर करा.

उन्हाळ्याचाच दुसरा धोका म्हणजे वळीव. २०१४ च्या मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. गडगडाटी ढगाखालून थंड हवा जोरात खाली आदळते आणि चहूबाजूंना पसरते. उतरताना समोरून येणारा वारा काही सेकंदांत पाठीमागून येतो आणि विमान एकदम खाली बसतं. तसल्या ढगापासून निदान तीस-पस्तीस किलोमीटर लांब राहायचं. "पाऊस यायच्या आत उतरून घेऊ" ही शर्यत लावायचीच नाही.

आता पावसाळा. १६ जुलै २०२१ ला जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या वर्डी गावाजवळ एक शिकाऊ विमान सातपुड्याच्या डोंगरात कोसळलं. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. तिथल्या आदिवासी गावकऱ्यांनी साडीची झोळी करून तिला डोंगराखाली आणलं. ही बातमी वाचल्यापासून पावसाळ्यात आभाळात विमानाचा आवाज आला की माझी नजर आधी ढगांकडे जाते.

ढगात शिरलं की क्षितिज दिसत नाही. मग आपण कानावर विसंबतो, आणि कान फसवतो. विमान बराच वेळ एकाच गतीनं वळत राहिलं, तर कानातला द्रव स्थिरावतो आणि वाटतं, आपण सरळ चाललोय. सरळ केलं की वाटतं, उलट्या बाजूला कललो. जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यावर जमीन फिरते ना, तसंच. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं एक प्रयोग केला होता. फक्त यंत्रांच्या आधारे उडायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना ढगात असल्यासारखं उडवून बघितलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत! म्हणून ढग समोर दिसला की आत शिरायच्या आधीच वळून मागं फिरायचं.

पावसाळ्यातला आणखी एक धोका ऐकून दचकाल: बर्फ. बाहेर २४ अंश असताना इंजिनात बर्फ! माठातलं पाणी झिरपून वाळतं आणि माठ गार होतो, तसंच कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद वाटेतून जाताना तापमान वीस अंश किंवा त्याहूनही जास्त उतरू शकतं. दमट हवेतलं बाष्प तिथंच गोठतं आणि इंजिन गुदमरतं. सेस्ना १५२ सारख्या विमानात यासाठी गरम हवा सोडायची एक कळ असते. ती वेळेवर ओढली तर बर्फ वितळतो. इंजिन पुरतं गार पडल्यावर ओढून उपयोग नाही.

आणि हिवाळा. रात्र निरभ्र, वारा पडलेला, कालव्याच्या पाण्यानं भिजलेला ऊस. पहाटे धुकं ठरलेलं. पुढं माघ-फाल्गुनात हळद शिजायला लागली की सकाळी धूर वर न जाता वावरावर आडवा पसरलेला बघितलाय ना? वरची हवा उबदार, खालची गार, म्हणून तो दबून राहतो. नजरेवर उडणाऱ्या विमानाला निदान ५ किलोमीटर दिसायला हवं. वरून खाली बघितलं तर धुकं विरळ वाटतं, धावपट्टी दिसते. उतरताना तिरपं बघावं लागतं आणि तीच धावपट्टी गायब होते.

आता खरी गोष्ट. हे सगळं पुस्तकात आहे, परीक्षेला येतं. तरी माणसं उडतात, कारण कर्ज काढलेलं असतं, वावर विकलेलं असतं, सोबतच्याचे तास पुढं गेलेले असतात. घरून रोज फोन येतो, "आज किती तास झाले?"

आई-बाबा, काका-मामा ऐकत असतील तर हात जोडून सांगतो, हा प्रश्न रोज विचारू नका. तुम्हाला वाफसा कळतो. पाऊस पडला म्हणून लगेच तिफण काढत नाही. शेजाऱ्यानं पेरलं तरी थांबता, कारण चिखलात पेरलं तर बी वाया जातं. लेकरू म्हणालं, "आज हवा बरी नव्हती, नाही उडालो," तर म्हणा, "बरं केलंस." दुबार पेरणी करता येते, मंडळी. इथं ती सोय नाही.

हा भाग तुमच्या पायलट व्हायला निघालेल्या दोस्ताला आज नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.