प्रवासाहून काय आणावें?

प्रवासाहून परतलेला माणूस उंबरठा ओलांडून आंत आला, कीं घरांतील मुलांची दृष्टि त्याच्या मुखाकडे न जातां त्याच्या सामानाकडे जाते. यांत मुलांचा दोष नाहीं. घरीं राहिलेल्यांच्या वाट्याला प्रवासाचा जो अंश यावयाचा, तो त्या सामानांतूनच येतो. म्हणून प्रवासाहून काय आणावें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

या बाबतींत मी एकदां चांगलाच फसलों. बिदरहून परततांना, गाडीची वेळ भरत आली असतां, मीं एका दुकानांतून रुपेरी वेलबुट्टीची एक काळी फुलदाणी घाईनें उचलली व घरीं येऊन आत्याबाईंना दिली. त्यांनीं ती निरखून पाहिली आणि विचारलें, "छान आहे रे, पण ही करतात कशी? कोणी केली?" मला उत्तर देतां आलें नाहीं. वर्ष लोटलें नाहीं तोंच ती रुपेरी नक्षी नखानें निघूं लागली. तो नुसता रंग होता! आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. नक्षी उडालेली बाजू भिंतीकडे करून त्यांनीं फुलदाणी तशीच ठेवून दिली. त्यांचा तो समजूतदारपणाच मला अधिक बोंचला.

पुढें पुन्हां बिदरला जाण्याचा योग आला, तेव्हां मी प्रथम कारागिरांकडे गेलों. तेथें जें पाहिलें तें आपणांस थोडक्यांत सांगतों. जस्तांत थोडें तांबें मिसळून वाळूच्या सांच्यांत भांडें ओततात. तें कानसून गुळगुळीत केल्यावर त्यावर मोरचुदाचें पाणी फिरवितात. त्यामुळें अंग तात्पुरतें काळवंडतें, व त्यावर टोंकदार सळईनें रेखाटलेली नक्षी स्पष्ट दिसते. मग छिन्नीनें ती कोरून त्या खोबणींत चांदीची तार ठोकून बसवितात. पुन्हां घासलें, म्हणजे सारें भांडें पांढुरकेंच दिसतें. चांदी कोणती आणि जस्त कोणतें हें चटकन् ओळखूं येत नाहीं. खरा चमत्कार शेवटीं आहे. बिदरच्या किल्ल्यांतील माती व नवसागर पाण्यांत कालवून तो लेप तापविलेल्या भांड्यावर चोळतात. पाहतां पाहतां जस्ताचें अंग काळेंभोर होतें, आणि चांदी मात्र होती तशी शुभ्र राहते. पंधराव्या शतकांत बहामनी सुलतानांनीं जेथें आपली राजधानी नेली, त्या किल्ल्याची ती माती! या कलाकामास २००६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे.

मीं सुपारीची एक लहानशी डबी घेतली. किंमत त्या फुलदाणीच्या तिप्पट होती. परंतु एक एक तार ठोकून बसवितांना पाहिली असल्यामुळें घासाघीस करण्यास जीभ रेटेना. निघतांना कारागिरानें एवढेंच बजावलें, "चिंचेनें किंवा राखेनें घासूं नका, खोबरेल तेलाचा हात फिरवा."

तेव्हांपासून मीं स्वतःपुरते तीन नियम केले आहेत. वस्तु जेथें होते तेथेंच, आणि शक्य तर करणाऱ्याच्याच हातून घ्यावी. ती घरांत रोज हाताळली जाईल अशी असावी, कपाटांत कोंडून राहील अशी नको. आणि जिची हकीकत आपणांस सांगतां येत नाहीं, ती घेऊंच नये. त्यापेक्षां रिकाम्या हातानें परतलेलें बरें.

आत्याबाईंचे गुडघे आतां त्यांना जिनाही उतरूं देत नाहींत. बिदर त्यांनीं पाहिलेलें नाहीं. परंतु परवां पाहुण्यांपुढें ती डबी ठेवून त्या किल्ल्यांतील मातीची हकीकत सांगत होत्या, आणि ती इतकी तपशीलवार, कीं एका पाहुण्यांनीं विचारलें, "आपण बिदरला केव्हां गेलां होतां?"

आत्याबाई माझ्याकडे पाहून नुसत्या हसल्या.