सायकलीचे बारा महिने

(वडोदरा येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संकलित मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय संयोजकांनी विचारला, तेव्हा ‘शहरातील हौशी सायकलफेरी’ असे मी लिहून दिले. ते वाचून एका स्नेह्यांनी मला विचारले, “यात तासभर बोलण्यासारखे काय आहे? थंडी पडली की सायकल काढावी, ऊन तापू लागले की ठेवून द्यावी.” त्यांच्या या एका वाक्यातच आपल्या हौसेचा मोठा दोष आला आहे. वडोदऱ्यात दिवाळीनंतर सायकलींची फेरी-फौज रस्त्यावर दिसते आणि होळीनंतर ती ओसरते. चार महिन्यांत कमावलेला दम आठ महिन्यांत गमावला जातो आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा श्रीगणेशा होतो. हौस बारमाही कशी करता येईल आणि ती तशी का करावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

बलोपासनेचे नगर

व्यायामाची गोष्ट वडोदेकरांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. प्रो. माणिकराव यांचे जुम्मादादा व्यायाम मंदिर याच नगरातले. मराठीतील दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ येथूनच प्रसिद्ध झाला. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८७९ साली कमाटीबाग लोकांसाठी खुली केली. एकशे तेरा एकरांची ती बाग आजही शहराचे फुफ्फुस आहे. सकाळी तेथे चालणाऱ्यांची रीघ लागते, ती काही उगाच नव्हे.

मी सायकल शिकले ती याच बागेलगतच्या रस्त्यावर, वडिलांच्या उंच सायकलीच्या दांडीखालून पाय घालून. वडील कचेरीत सायकलीने जात. त्यांच्या बरोबरीची बहुतेक मंडळीही तशीच जात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. पुढे घरोघर स्कूटर आली, तिच्यामागून मोटार आली, आणि पाहता पाहता सायकल ही नाइलाजाची खूण ठरली. आज तीच सायकल शिरस्त्राण घालून, रंगीत पोशाखात, आरोग्याचे साधन म्हणून परत आली आहे. हे स्वागतार्हच आहे. प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढाच त्याचा हिशेब. मात्र हा हिशेब आठवड्याचा आहे, हंगामाचा नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ऋतूप्रमाणे घड्याळ

बारमाही सायकल म्हणजे बाराही महिने तीच वेळ, तेच अंतर आणि तोच वेग, असा अनेकांचा समज असतो. तो धरून चालणारा मनुष्य मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात हार मानतो. ऋतूप्रमाणे आपण आहार बदलतो, कपडे बदलतो. मग सायकलीचे घड्याळ का बदलू नये?

हिवाळा हा लांब पल्ल्याचा काळ. वडोदऱ्याची भूमी सपाट आहे आणि नवशिक्याला याहून अनुकूल भूमी मिळणे कठीण. पश्चिमेस महीकाठचे सिंधरोट, पूर्वेस महाराजांनी शहराच्या पाण्यासाठी बांधविलेला आजव्याचा सयाजी सरोवर, ही दोन्ही ठिकाणे सकाळी जाऊन येण्याजोगी आहेत. दम वाढला की डभोईचा हिरा भागोळ पाहावा. त्याही पुढे वढवाणा तलाव आहे. सिंचनासाठी संस्थानी काळात बांधलेल्या या तलावाला २०२१ साली रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. थंडीत तेथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. २००४ पासून जागतिक वारशात गणले गेलेले चांपानेर-पावागड हे त्याहून मोठे आव्हान. जाण्यायेण्यात शंभरएक किलोमीटर होतात. परंतु जानेवारीत येथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. म्हणजे सहाला निघणारा तासभर तरी अंधारातच सायकल चालवीत असतो. पुढे पांढरा आणि मागे तांबडा दिवा असल्याशिवाय त्याने घराचा उंबरा ओलांडू नये.

याच हिवाळ्यात उत्तरायण येते. पतंगाचा मांजा हा सायकलस्वाराचा अदृश्य शत्रू आहे. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. तरी तो अद्याप रस्त्यांवर आडवा येतो. १४ जानेवारीच्या मागेपुढे पंधरवडाभर गळ्याभोवती जाड रुमाल बांधल्याशिवाय निघू नये आणि दुपारी तर निघूच नये. दोन वर्षांपूर्वी माझ्या गळ्याचा रुमाल अर्धा कापला गेला. घरी येऊन तो पाहिल्यावर मला दिवसभर जेवण गेले नाही.

मार्चपासून अंतर आखडावे. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत साडेपाचला निघून सातच्या आत परतणे हा माझा नियम आहे. हा काळ दूरच्या गावांचा नव्हे, आपल्याच शहराचा. कमाटीबागेवरून काळा घोडा, कीर्तिमंदिर, सूरसागर, न्यायमंदिर, लहेरीपुरा दरवाजा, मांडवी आणि पाणीगेट असा मार्ग धरला, तर थोड्या किलोमीटरांत शतकांचा इतिहास डोळ्यांखालून जातो. दिवसा या रस्त्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते. पहाटे मात्र मांडवीची कमान शांतपणे पाहता येते. आपण ज्या शहरात जन्मलो, त्याचा चेहरा मला असा चाळिशीत दिसला. परतल्यावर चहापूर्वी पेलाभर ताक घ्यावे, हे सांगण्यास वैद्याची गरज नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरविला आहे. त्या दिवशी आपल्याकडे ऊन गेलेले नसते आणि पाऊस आलेला नसतो. सायकल दिन साजरा करण्यास याहून कठीण दिवस सापडणे अवघड. तथापि, त्या दिवशी जो सायकल काढतो, तो पुढे वर्षभर काढतो, असा माझा अनुभव आहे.

पावसाळ्यात धाडसापेक्षा विवेक अधिक लागतो. चाकाची कड ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो. म्हणून वेग निम्मा ठेवावा. साचलेल्या पाण्यात सायकल कदापि घालू नये, कारण खाली खड्डा आहे की उघडे गटार, हे वरून कळत नाही. आणि आपल्या शहरात तर विश्वामित्री आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तिचे पाणी वस्त्यांत शिरले आणि पाण्याबरोबर मगरीही आल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा वेळी चार दिवस घरी बसणे हा नियमभंग नव्हे. उघडीप मिळताच चेन पुसून, तेल घालून पुन्हा निघावे. नवरात्रात आणखी एक खबरदारी घ्यावी. पहाटेचा रस्ता मोकळा दिसतो, परंतु गरब्याहून परतणाऱ्या चालकांच्या डोळ्यांवर झोप असते.

हौस आणि गरज

येथवर मी आरोग्याविषयी बोलले. परंतु हौस बारमाही करावी असे मला ज्यामुळे वाटले, तो प्रसंग वेगळा आहे.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही दहा-बारा जण पहाटे पाणीगेटच्या बाजूला थांबलो होतो. एक कामगार सायकलवरून आला. पाळी संपवून तो घरी निघाला होता. आमचे पोशाख पाहून त्याने विचारले, “आजे कोई रेली छे?” मी सांगितले की रॅली नाही, आम्ही सहजच निघालो आहो. तो हसला. बावीस वर्षे तो सायकलीने कामावर जात होता. परंतु कोणी सहज म्हणून इतक्या पहाटे सायकल काढते, हे त्याला नवीन होते. पुढे तो अधूनमधून दिसे आणि हात करी.

मार्चमध्ये आमची मंडळी पांगली. जुलैत एका सकाळी मी मोटारीतून जात असता तो मला दिसला. डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेतला होता आणि मुसळधार पावसात तो पायडल मारीत होता. त्याच्या सायकलीला मागे दिवा नव्हता. काच खाली करून त्याला हाक मारावी असे मला वाटले. पण संकोचाने मी ती मारली नाही. हिवाळ्यात आम्ही पुन्हा जमलो तेव्हा तो दिसेना. महिन्याभराने भेटला तो लंगडत. पावसाळ्यात मागून एका वाहनाने उडविले होते आणि पाय मोडला होता. दोन महिन्यांचा पगार गेला होता. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. चौकशी केली म्हणून सांगितले.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट स्पष्ट झाली. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत जाणारा कामगार, दूधवाला, वृत्तपत्रे टाकणारा मुलगा यांना ऋतू निवडता येत नाही. आपण मात्र हवा चांगली असते तेवढेच दिवस रस्त्यावर येतो. म्हणून रस्त्याचे खरे दोषही आपल्याला दिसत नाहीत. पावसात कोणता खड्डा पाण्याखाली जातो, कोठला दिवा बंद असतो, कोणत्या चौकात वाहने सायकलला जुमानीत नाहीत, हे बाराही महिने फिरणाऱ्यालाच कळते. ज्यांना ते रोज कळते, त्यांना अर्ज लिहायला सवड नसते. आपल्याला ती आहे.

आपल्या हातचे

केंद्र शासनाने २०२० मध्ये शहरांसाठी सायकलविषयक एक स्पर्धात्मक उपक्रम सुरू केला. त्यात अखेरीस निवडलेल्या अकरा शहरांत वडोदरा होते. नागपूर आणि पिंपरी-चिंचवडही होती. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु रस्त्याच्या कडेला पट्टा आखल्याने तो सायकलीचा होत नाही. त्यावर रोज सायकली धावल्या तरच तो सायकलीचा राहतो. एरवी तेथे मोटारी उभ्या राहतात. प्रसिद्धीच्या कामात इतकी वर्षे काढल्यावर मी एवढे खात्रीने सांगू शकते की, फलकापेक्षा रस्त्यावरील माणूस अधिक काम करतो.

यास्तव माझी आपणांस तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली, आठवड्यातले निदान दोन दिवस, बाराही महिने, सायकल बाहेर काढावी. अंतर कितीही थोडे असो. दुसरी, फेरीत आढळलेले खड्डे, उघडी गटारे आणि बंद दिवे यांची नोंद एका वहीत ठेवावी आणि ती महिन्याकाठी महानगरपालिकेकडे द्यावी. तिसरी विनंती सर्वांत लहान आहे. मागचा तांबडा दिवा काही फार महाग नसतो. आपल्या फेरीच्या पिशवीत असा एक जादा दिवा ठेवावा आणि ज्याच्या सायकलीला तो नसेल, त्याची सायकल थांबवून स्वतःच्या हाताने लावून द्यावा. संकोच वाटेल, मलाही वाटला होता. त्या जुलैत मी काच खाली केली असती, तर त्याचा पाय वाचला असता की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण आता माझ्या पिशवीत दिवा असतो.

उद्या पहाटे साडेपाचला मी कमाटीबागेच्या फाटकाशी असेन. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी चाकांत हवा भरून यावे.