आधी धपाटा नको



तुळजापुरात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना नवरात्रातली आणि कोजागरीची गर्दी सांगायला नको. सोलापूरहून पायी चालत आलेली माणसं, महाद्वारासमोरची रेटारेटी आणि त्या गलक्यात ध्वनिक्षेपकावरची सूचना : लाल सदरा घातलेला पाच-सहा वर्षांचा मुलगा सापडला आहे, पालकांनी येऊन घेऊन जावे. आई रडत धावत येते, पोराला ओळखते आणि जवळ घ्यायच्या आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घालते. ‘बोट का सोडलंस?’ हा धपाटा भीतीपोटी असतो, हे आपल्याला कळतं. पोराला मार तेवढा कळतो.

मला आज मुलांच्या मोबाइलविषयी बोलायचं आहे, आणि हा धपाटा मनातून जात नाही.

२०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या घरांत मुलांच्या हाती मोबाइल द्यायची पद्धत नव्हती, तिथंही तो अभ्यासासाठी आला. शाळा उघडल्या, पण मोबाइल परत गेला नाही. मग गावोगाव उपाय शोधणं सुरू झालं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं ऑगस्ट २०२२ मध्ये ठरवलं की, रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद राहतील. आपल्याच जिल्ह्यात उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनंही संध्याकाळचे दोन तास असेच बाजूला काढले. मला यात आवडलं ते हे की, बंद करायचं ते मोठ्यांनीही. वडगावात आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक दारोदार जाऊन समजावत होते. नाहीतर आपण मालिका बघत बसायचं आणि पोराला म्हणायचं, पुस्तक उघड!

पण भोंगा दीड तासाचा. पोराच्या मोबाइलवर जो अनोळखी माणूस येतो, तो साडेआठनंतरही येऊ शकतो.

माझ्या नात्यातला एक मुलगा. नाव-गाव सांगत नाही. नववीत होता. गेम खेळताना कुणाशी तरी ओळख झाली. त्यानं गेममधले फुकट डायमंड देतो म्हणून आधी फोटो मागितला, मग आणखी एक, मग नको तसला. तो गेल्यावर धमकी सुरू : पैसे पाठव, नाहीतर तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना दाखवतो. पोरानं अम्मीच्या डब्यातले पैसे काढून दिले. पैसे मिळाल्यावर मागणी वाढली, हे सांगायला नकोच. तीन आठवडे पोरगा धड जेवत नव्हता. घरच्यांना वाटलं, परीक्षेचं टेन्शन असेल.

शेवटी तो माझ्यापाशी बोलला. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? म्हणाला, ‘अब्बांनी मारलं असतं. आणि मामू, तुम्हीच तर ईदला म्हणाला होता, पोरांचे मोबाइल गोळा करून विहिरीत टाका.’

मी म्हणालो होतो. शिरखुर्म्याच्या वाट्या हातात होत्या, सगळे हसले होते. कवितावाचनात टाळ्या मिळवणारी माझी जीभ! त्या वाक्यानं एक दार बंद झालं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

म्हणून अशा वेळी तोंडातून निघणारं पहिलं वाक्य जपून काढा. ‘सांगितलंस, बरं केलंस.’ एवढंच. मोबाइलचं काय करायचं ते चार दिवसांनी ठरवता येईल.

पुढचं व्यवहाराचं. आणखी पैसे देऊ नका. घाबरून सगळं पुसून टाकू नका. धमकीचे मेसेज, समोरच्याचं नाव, नंबर, पैसे गेल्याची नोंद जपून ठेवा आणि मग त्याला ब्लॉक करा. मुलाचा तो फोटो मात्र ‘पुरावा’ म्हणून काका-मामांना पाठवू नका. मुलांची अशी चित्रं पुढं पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, पाठवणारा सख्खा काका असला तरी. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा नंबर फिरवा. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन तर १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली, ती आज देशभर आहे.

आमच्या घरी सगळ्यात मोठी भीती पोलीस ठाण्याची होती. पोराला ठाण्यात कसं बसवायचं? लोक काय म्हणतील? तेव्हा एका वकील मित्रानं २०१२चा पॉक्सो कायदा समजावला. तो मुलींइतकाच मुलांनाही लागू आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि अधिकारी गणवेशात नको. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. त्याचं नाव, शाळा, फोटो छापायचा नाही. एवढं कळल्यावर त्याच्या अब्बांनी पाणी मागितलं, घोटभर प्यायले आणि म्हणाले, ‘चला.’

शाळांबद्दल थोडं कडू बोलतो. असं काही कानावर आलं की, बऱ्याच ठिकाणी पहिला विचार संस्थेच्या नावाचा होतो. ‘बाहेर जाऊ देऊ नका.’ याच कायद्याप्रमाणे माहिती असून न कळवणं हा गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२२ मध्ये शासनानं शाळांना सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं. पालकसभेला गेलात की गुणपत्रिकेबरोबर एवढंही विचारा : या समितीत कोण आहे, तक्रारपेटी कोण उघडतं, कधी उघडतं? आणि मुलांना विचारा, शाळेत तू कुणाला सांगशील? नाव चटकन आलं तर ठीक. पोर जमिनीकडं बघायला लागलं तर शाळेत पुन्हा एक चक्कर मारा.

खातं उघडताना मुलाचं वय वाढवून टाकणारे पुष्कळदा आपणच असतो, हेही जाता जाता सांगतो. त्या खोट्या वयावर मग तो मोठ्यांच्या गर्दीत शिरतो, आणि आपण म्हणतो, बोट का सोडलंस?

तो मुलगा आता अकरावीत आहे. परवा माझ्या मोबाइलवर मेसेज आला : तुमचं पार्सल अडकलं आहे, पत्ता भरा, पाच रुपये भरा. मी कवितासंग्रहाच्या प्रतींची वाट बघत होतो. चष्मा लावून बोट पुढं केलं, तेवढ्यात शेजारी बसलेल्या त्यानं मनगट धरलं. ‘मामू, थांबा. आधी मला दाखवा.’

मी दाखवलं.