भिलाईची प्लेट आणि जहाजाचा कणा
(भिलाई येथील कामगार मेळाव्यात रेल्वे कामगार संघटनेच्या सचिवांनी केलेले भाषण)



भिलाईपासून समुद्र शेकडो कोस लांब. तरीही 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीला 'विक्रांत' नौदलात दाखल झाली, तेव्हा तिच्या अंगात भिलाईचे पोलाद होते. भिलाई, बोकारो आणि राउरकेला या कारखान्यांनी तिच्यासाठी सुमारे 30,000 टन खास पोलाद दिले. दल्ली-राजहऱ्याचे खनिज भिलाईला पोचवणारे आम्ही रेल्वेवाले. त्या पोलादात आमचाही घाम आहे.

262 मीटर लांबीचे हे जहाज लाटांवर मोडत कसे नाही? रुळाकडे पाहिले की आम्हाला ते कळते. रुळाला वर डोके, खाली रुंद पाया आणि मधे पातळ पोट. वाकताना ताण वर आणि खाली जास्त पडतो, म्हणून पोलादही तिथेच जास्त. जहाजाचेही तसेच. लाट मधोमध आली की टोके झुकतात. डेक ताणला जातो आणि तळ दाबला जातो. लाटा टोकांशी आल्या की उलटे घडते. कुठे किती जाडी, आधाराच्या पट्ट्या किती अंतरावर, हा हिशोब इंजिनिअर संगणकावर मांडतात. जहाजाचे वजन वाचले की माल जास्त, इंधन कमी. या काटकसरीला आमचा विरोध नाही.

पण काटकसरीला मर्यादा असते. जास्त ताकदीचे पोलाद घेतले की प्लेट पातळ करता येते. मात्र पोलादाचा ताठरपणा त्याने वाढत नाही. पातळ प्लेट दाबाखाली बाकते. उन्हाळ्यात दाबलेला रूळ आडवा वाकतो, हे प्रत्येक ट्रॅकमनला ठाऊक आहे. 'एमओएल कम्फर्ट' हे 2008 साली जपानमध्ये बांधलेले कंटेनर जहाज. त्यातही जास्त ताकदीचे पोलाद होते. 17 जून 2013 रोजी ते हिंदी महासागरात मधोमध मोडले. 26 खलाशी वाचले. दोन्ही तुकडे बुडाले. तपासाचा रोख तळाच्या प्लेटांकडे गेला. 2015 मध्ये अशा जहाजांच्या मजबुतीचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले.

गंजही ताकदवान पोलादाला सोडत नाही, आणि वेल्डिंगच्या जोडाला तडा जायचा तो जातोच. म्हणून आमची मागणी सरळ आहे. गंजासाठी ठेवलेली जाडी कापू नका. जोडांची तपासणी वेळापत्रकासाठी टाळू नका. नकाशा पक्का करण्यापूर्वी वेल्डरला आणि तपासनीस कामगाराला विचारा. कागदावर वाचवलेल्या मिलिमीटरची किंमत समुद्रात खलाशी मोजतो, आणि तोही कामगारच आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!