बालकाचा तोल आणि अंतर्कर्ण



कान हे केवळ ऐकण्याचे इंद्रिय, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः अंतर्कर्णात शंखाकृती श्रवणभागाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन सूक्ष्म पिशव्या असतात. डोके वळले वा झुकले, की त्याची वार्ता त्या मेंदूस देतात. शरीराचा तोल पुष्कळ अंशी तिच्यावरच सांभाळला जातो.

मोठा माणूस ‘चक्कर येते’ असे सांगतो. तीन वर्षांच्या बालकाकडे तो शब्दच नसतो. ते अकस्मात घाबरून आईला बिलगते, पांढरेफटक पडते, क्वचित ओकते आणि काही मिनिटांत पुन्हा खेळू लागते. घरात दृष्ट काढली जाते! शुद्ध न हरपणाऱ्या अशा झटक्यांचे नाते अनेकदा घराण्यातील अर्धशिशीशी असते आणि वाढत्या वयात ते बहुधा थांबतात. तथापि तो निर्णय तज्ज्ञाचा. झटक्याचे, विशेषतः थरथरणाऱ्या डोळ्यांचे, मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. तपासणीच्या दिवशी मूल ठणठणीत असते.

डोंबिवली स्थानकाच्या जिन्यावर हात न सोडणारे मूल ‘भित्रे’ ठरते, दिवे गेल्यावर धडपडणारे ‘धांदरट’. अंधारात डोळ्यांचा आधार सुटतो, म्हणूनच अंतर्कर्णाचा दोष तेव्हा उघडा पडतो. पुष्कळ वेळा कारण साधे असते: सर्दीनंतर पडद्यामागे साचलेला द्रव. तो बहुधा तीन महिन्यांत ओसरतो. न ओसरल्यास पडद्यात बारीक नळी बसवितात.

खरी चिंता जन्मतः बहिऱ्या बालकांची. श्रवण व तोल शेजारी नांदत असल्याने त्यांपैकी अनेकांची मान उशिरा धरते, पाऊलही उशिरा पडते आणि माथी ‘मंदबुद्धी’चा अन्याय्य शिक्का बसतो. मेंदूज्वराने किंवा जेंटामायसिनसारख्या औषधानेही ही हानी संभवते. अठराव्या महिन्यापर्यंत मूल चालले नाही, तर कानांचीही तपासणी व्हावी. नष्ट झालेली संवेदना औषधाने परतत नाही. परंतु नियमित व्यायामाने डोळे व पाय तिचे काम बरेचसे उचलतात. पाण्यात मात्र अशा मुलाला एकटे सोडू नये. बुडी मारल्यावर वर कोणते, खाली कोणते, हे त्यास उमगत नाही.

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. श्रवणचाचणीसाठी वांद्रे येथे 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मात्र डोकेदुखी, सकाळची ओकारी आणि दिवसेंदिवस बिघडणारी चाल एकत्र दिसल्यास कानाच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तेथे दोष मेंदूत असू शकतो.