पावतीपुस्तकावरचं नाव

(रेडिओवरील भाषण)



हिवरे बाजारचं नाव निघालं की लोक पाण्याबद्दल विचारतात. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गावानं श्रमदानातून डोंगरावर चर खोदले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, बोअरवेलला आळा घातला आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावून घेतली. हे तुम्ही अनेकदा ऐकलंय. मला आज श्रमदानाचा एक वेगळाच उपयोग सांगायचाय. ज्या घरातलं तरणंताठं पोर गेलं, त्या घरातला बाप चारचौघांत येतो कुठे? तो लग्नाला जायचं टाळतो, पारावर बसत नाही. पण श्रमदानाला येऊ शकतो. तिथं कुणी काही विचारत नाही. हातात घमेलं येतं, ते पुढच्याकडे द्यायचं असतं. सांत्वनाला आलेल्या पाहुण्यांपेक्षा हे घमेलं कधीकधी जास्त आधार देतं.

पण त्या पोराच्या नावाचं काय होतं? आपल्याकडे रीत अशी, की आईसमोर गेलेल्या लेकराचं नाव काढायचं नाही. खपली निघेल, असं वाटतं. भावना चांगलीच असते. पण परिणाम काय होतो? शाळेच्या हजेरीतून नाव जातं. रेशनकार्डावरून नाव कमी करून आणा, असं कुणीतरी आठवण करून देतं. वर्ष-दोन वर्षांत ते नाव फक्त आईच्या ओठांवर उरतं, आणि तेही घरात कुणी नसताना. माणूस एकदा जातो. नाव मात्र असं हप्त्याहप्त्यानं जातं.

म्हणून तर आपण 'स्मरणार्थ' लिहितो. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत वर मान करून बघा. पंख्याच्या पात्यावर लाल ऑइलपेंटनं नाव असतं. गंमत अशी, की पंखा फिरत असताना ते वाचता येत नाही, लाईट गेल्यावरच दिसतं. देवळातल्या पातेल्यांवर टिंबाटिंबांनी कोरलेली नावं असतात, एसटी स्टँडच्या बाकावर असतात. मी या दानाला नावं ठेवत नाही. उन्हाळ्यात त्या पंख्याखाली बसलोय मी. पण पंखा देऊन झाला की आईबापांना करायला काही उरत नाही. आणि त्यांना खरी गरज असते ती कामाचीच. सकाळी उठवणं, डबा करणं, फी भरणं, रागावणं ही वर्षानुवर्षांची कामं एका दिवसात बंद पडलेली असतात. ते हात रिकामे होतात.

काहींनी त्या रिकाम्या हातांना काम शोधलं. मुंबईत मरोळला दादाराव बिल्होरे नावाचे भाजीविक्रेते आहेत. २८ जुलै २०१५ रोजी त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर मोटारसायकलवर मागे बसला होता. पावसाचं पाणी भरल्यानं खड्डा दिसला नाही. प्रकाश गेला. वडिलांनी काय करावं? ते खड्डे बुजवायला लागले. बांधकामाच्या जागेवरून उरलेली खडी, रेती, फुटके पेव्हर ब्लॉक गोळा करायचे, खड्डा भरायचा, ठोकून सपाट करायचा आणि मुलाची आठवण काढून पुढच्या खड्ड्याकडे जायचं. पहिल्या तीन वर्षांतच त्यांनी पाचशेहून अधिक खड्डे बुजवले. पुढे लोक मदतीला येऊ लागले, प्रकाशच्या नावानं काम उभं राहिलं. रस्ता दुरुस्त करणं हे भाजीविक्रेत्याचं काम आहे का, असा प्रश्न पडायलाच हवा. ज्यांचं आहे त्यांनी ते केलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण घमेलं घेऊन रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला कुणीही विचारतं, 'काका, काय करताय?' मग प्रकाशचं नाव सांगावंच लागतं.

विलेपार्ल्याच्या अनुराधा गोरे यांचा मुलगा, कॅप्टन विनायक गोरे, १९९५ साली काश्मीरमध्ये कुपवाड्याला धारातीर्थी पडला. अनुराधाताईंनी लेखणी हाती घेतली. पण लिहिलं ते फक्त आपल्या मुलावर नाही. इतरांच्या मुलांच्या शौर्यकथाही लिहिल्या, मुलांसमोर जाऊन सांगितल्या.

गेलेल्या मुलाच्या नावानं पैसा गोळा करण्याच्या बाबतीत मला सगळ्यात शहाणी वाटते ती कॅनडातली एक आई. तिचा मुलगा टेरी फॉक्स याचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायावर धावत देश ओलांडायला निघाला. कर्करोगाच्या संशोधनासाठी देशातल्या प्रत्येक माणसाकडून एक डॉलर, एवढंच त्याचं मागणं होतं. आपल्या भाषेत माणशी वर्गणी. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला आणि रोग फुप्फुसात पोचला म्हणून थांबला. पुढच्या जूनमध्ये तो गेला. तेविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता.

त्याच्या आईनं, बेटी फॉक्सनं, पुढची तीस वर्षं, २०११ साली स्वतः जाईपर्यंत त्याच्या नावानं निधी उभा करण्याचं काम केलं. शाळाशाळांत जाऊन मुलाबद्दल बोलली. पण कंपन्यांना त्याच्या नावावर आपला माल खपवू दिला नाही. टेरीच्या नावानं धावायचं तर पैसा संशोधनाला, जाहिरात कुणाची नाही. आजवर ८५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. मुंबईतही टेरीच्या नावाची दौड होत आली आणि त्यातून टाटा स्मारक रुग्णालयातल्या कर्करोग संशोधनाला मदत झाली.

आपल्याकडे कुणी आईबाप असं काही करू म्हणाले, तर पहिल्याच आठवड्यात ट्रस्ट काढायची घाई करू नये असं मला वाटतं. ट्रस्ट म्हटला की धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशेब, तपासणी आलं. दुःखात बुडालेल्या माणसाला ते पेलवेलच असं नाही. गावची शाळा आहे, ग्रामपंचायत आहे, चांगलं काम करणाऱ्या संस्था आहेत. आधी त्यांच्या पावतीवर पैसे द्यावेत. मात्र चार घरांतून शंभर-शंभर रुपये घेतले तरी हिशेब चोख हवा, ग्रामसभेत वाचून दाखवता येईल इतका. लेकराच्या नावाला हिशेबाचा डाग लागला, तर त्यासारखं दुसरं वाईट नाही.

वाढदिवस धरावा की पुण्यतिथी, असंही विचारतात. मी वाढदिवस म्हणेन. पुण्यतिथीला लोक हळू आवाजात बोलतात. वाढदिवसाला शाळेत वह्या वाटल्या, खाऊ दिला की पोरं गलका करतात, आणि कोणाचा वाढदिवस म्हणून विचारतातही.

आणि असे आईबाप पावतीपुस्तक घेऊन तुमच्या दारात आले, तर ओट्यावरूनच पैसे देऊन मोकळे होऊ नका. त्यांना बसवा, चहा टाका. मुलगा कितवीत होता, खोड्या काय करायचा, कुठल्या भाजीला नाक मुरडायचा, ते विचारा. त्याचं नाव घेऊन विचारा. आई सांगायला लागली तर अर्धा तास सहज जाईल, तेवढी सवड ठेवा.