वाडीतील वाट : मेहेरबानी की हक्क?



आजचा विषय दोन हात रुंदीच्या पायवाटेचा आहे. राई, मुर्धे, मोर्वा येथून उत्तन-डोंगरीपर्यंत मीरा-भाईंदरची जुनी गावे पसरली आहेत. अशा गावात घर वाडीच्या आड असले म्हणजे रस्त्यावर यावयास शेजाऱ्याच्या वाडीतूनच पाऊल टाकावे लागते. भाईंदरला 1985 साली नगरपरिषद झाली, 2002 साली महानगरपालिका झाली, आणि जमिनीस सोन्याचे मोल आले. मोल आले की कुंपण येते. "आजवर जाऊ दिले, आता बंद," असे मालक एके दिवशी सांगतो, आणि आपली माणसे हात जोडून त्याच्या दारी उभी राहतात. हे हात जोडणे कसे घातक ठरते, ते मला आपणांस सांगावयाचे आहे.

दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याच्या हक्कास कायद्यात सुविधाधिकार म्हणतात. आपल्या बोलण्यात ती वहिवाट. याविषयीचा कायदा 1882 सालचा असून तो मुंबई इलाख्यास 1891 साली लागू झाला. त्याच्या 15 व्या कलमाप्रमाणे वाट वीस वर्षे शांतपणे, उघडपणे, अखंडपणे आणि हक्क म्हणून वापरलेली असली पाहिजे; सरकारी जमीन असेल तर तीस वर्षे. यांपैकी 'हक्क म्हणून' हे शब्द सर्वांत जड आहेत. मालकाच्या परवानगीने कोणी पन्नास वर्षे चालला, तरी त्यातील एक दिवसही मोजणीत येत नाही. नुसती परवानगी सामान्यतः मालकास केव्हाही काढून घेता येते.

ज्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या पाणीसुद्धा मागून घ्यावे लागले, त्याच्या तोंडी "आपली कृपा" हे शब्द सहज येतात. मालकास ते ठाऊक असते. तो गोड बोलून एक कागद पुढे करतो, "ही वाट आम्ही मालकांच्या परवानगीने वापरतो." आज वाट मोकळी राहते म्हणून आपण आनंदाने सही करतो, आणि आपल्या वडिलांची वहिवाट आपल्याच हाताने संशयात लोटतो. असा कागद आला तर तो वकिलास दाखविल्यावाचून त्यावर सही अथवा अंगठा करू नये.

तथापि 'आमची वहिवाट आहे' असे नुसते म्हणून भागत नाही. हे आपणांस महाडच्या खटल्यावरून समजले पाहिजे. चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च 1927 मध्ये झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्पृश्यांनी बाबासाहेबांवर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादि रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. महाडच्या कोर्टात ते हरले, आपल्या ठाण्याच्या कोर्टात अपील हरले, आणि 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयातही हरले. जी रूढी त्यांनी सांगितली, ती त्यांना शाबीत करता आली नाही. तेथे पुरावा त्यांच्याकडे मागितला गेला. वाडीच्या दाव्यात तो आपल्याकडे मागितला जाईल. म्हणून गावाचा नकाशा, जुन्या शेजाऱ्यांची साक्ष, मोजणीचे कागद आजच जमवा. एखाद्या वरातीच्या जुन्या छायाचित्रात मागे ती वाट दिसत असेल, तर ते जपून ठेवा. वकिलाच्या लांब भाषणाहून ते अधिक बोलते.

कुंपण घातलेच गेले, तर उशीर करू नका. अडथळा ठाऊक असून एक वर्ष मुकाट्याने सोसला, तर वहिवाटीत खंड पडला असे कायदा धरतो. शेतजमिनीच्या वाटेसाठी 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे जाता येते. तेथे मुदत अवघी सहा महिन्यांची आहे. एरवी दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागावा लागतो.

मालकाची बाजूही ध्यानात ठेवा. वाटेचा हक्क म्हणजे वाडीचा हक्क नव्हे. पडलेला नारळ उचलण्याचा, गुरे बांधण्याचा किंवा पायवाटेवरून मोटार नेण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. असे वागून आपण चांगला दावा बिघडवितो.

आता नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मनातील एक प्रश्न. प्रत्येक कुंपण जातीचे नसते. वाट सर्वांनाच बंद झाली की आपणांसच, हे आधी पाहावे. सर्वांना मोकळी असलेली सार्वजनिक जागेकडील रूढीची वाट केवळ आपणांस अडविली जात असेल, तर प्रश्न दिवाणी राहत नाही. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. धर्म बदलल्याने ते संरक्षण गेले, असे कोणी सांगितले तर ऐकू नका: 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांचाही त्या यादीत समावेश झाला आहे. मात्र जातीचा दाखला हाताशी ठेवा; पोलीस ठाण्यात तो विचारला जाईल.